सर दिनशा पेटिट आणि मुक्या जनावरांचा दवाखाना

मोरारजी गोकुळदास हे नाव सोलापूरच्या माणसाला परके नाही. १८७७ साली येथे कापडगिरणी सुरू करून त्यांनी या गावाचे नशीब पालटले आणि ती गिरणी पुढे ‘जुनी मिल’ म्हणून तीन पिढ्यांच्या तोंडी राहिली. त्यांच्याच काळातील आणि त्यांच्याच धंद्यातील दुसरे मोठे नाव म्हणजे सर दिनशा माणेकजी पेटिट. त्यांच्या गिरण्या मुंबईत होत्या, त्यामुळे आपल्याकडे हे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु परळला गेलेल्या माणसाने बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना पाहिलेला असतो. साकरबाई म्हणजे दिनशांच्या पत्नी. हा दवाखाना आजही चालू आहे. तो का निघाला, कसा निघाला आणि त्यातून पुढे काय काय घडले, हे पाहिले म्हणजे मुक्या प्राण्यांविषयीची आपली जुनी भूतदया कायद्याच्या, शास्त्राच्या आणि शेवटी आंतरराष्ट्रीय नियमांच्या वाटेला कशी लागली याचा चांगला उलगडा होतो. दिनशांच्या चरित्रात एक अवघड प्रश्नही दडलेला आहे. त्याकडेही वळावे लागेल.

दिनशांचा जन्म ३० जून १८२३ रोजी झाला. घराणे मूळचे सुरतेचे. त्यांच्या पूर्वजांपैकी एक जण अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस आले आणि जहाजांच्या व्यापारात पडले. ते अंगाने ठेंगणे होते, म्हणून त्यांच्याशी व्यवहार करणारे फ्रेंच लोक त्यांना आपल्या भाषेत ‘छोटा’ या अर्थी पेटिट म्हणू लागले. थट्टेने पडलेले नाव आडनाव होऊन बसले. आपल्याकडेही अशी आडनावे काही कमी नाहीत! दिनशांनी तरुणपणी एका इंग्रज पेढीत कारकुनी केली, पुढे दलाली केली आणि वडील माणेकजी यांच्याबरोबर कापडधंद्यात पाऊल टाकले. १८५९ मध्ये वडील वारले. त्यानंतर दिनशांनी माणेकजी पेटिट मिल नावारूपाला आणली. ताडदेवची ही गिरणी मुंबईतील मोठ्या गिरण्यांत गणली जाऊ लागली आणि पाठोपाठ दुसऱ्याही गिरण्या निघाल्या. पैसा आला, मानमरातब आला, शहराचे शेरीफपद मिळाले, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातही ते बसले. चरित्राचा हा भाग त्या काळच्या कोणत्याही यशस्वी शेठाच्या चरित्रासारखाच आहे, म्हणून त्यावर अधिक शाई खर्चीत नाही.

त्यांच्या कामाची खरी रीत दिसते ती इराणातील पारशांच्या प्रकरणात. झरथुष्ट्राचा धर्म पाळणारे जे लोक इराणात मागे राहिले होते त्यांची स्थिती फार हलाखीची होती आणि त्यांना जिझिया कर भरावा लागे. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी त्यांच्या साह्यासाठी एक मंडळी स्थापन केली आणि दिनशा तिचे अध्यक्ष झाले. त्यांचे वय त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. नुसते पैसे धाडून ही मंडळी थांबली नाही. माणेकजी लिमजी हातरिया नावाचा एक हुशार माणूस त्यांनी इराणात पाठविला. त्याने तेथे राहून अर्ज, शिष्टाई आणि शाळा असा पुरा उद्योग चालविला, आणि १८८२ साली इराणच्या शहाने तो कर रद्द केला. अठ्ठावीस वर्षे चिकाटी धरावी लागली. दान देऊन मोकळे व्हायचे नाही, संस्था काढायची, पगारी माणूस नेमायचा आणि सरकारचा हुकूम मिळेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जनावरांच्या बाबतीतही तीच कामास आली.

आता मुंबईतील जनावरांकडे वळू. दिनशा नऊ वर्षांचे होत होते तेव्हा, १८३२ च्या जून महिन्यात, मुंबईत एक चमत्कारिक दंगा झाला. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळलेली कुत्रीही धरू लागले. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. अंत्यविधीतही त्याची नजर प्रेतावर पडावी लागते. तेव्हा पारशी खवळले, हिंदू व जैन व्यापारी त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली आणि फौज बोलवावी लागली. त्या दंग्यातून दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती शेठ मंडळी त्यात पुढे होती. कुत्री मारू नयेत, त्यांना आणि लुळ्यापांगळ्या गुरांना एका जागी ठेवून अन्नपाणी द्यावे, असा तो तोडगा होता.

पांजरपोळ ही आपल्या देशातील फार जुनी आणि मोठ्या मनाची संस्था आहे. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथे जनावराला आसरा मिळतो, मरेपर्यंत चारा मिळतो. परंतु ज्या बैलाचा खुर सडला आहे त्याचा खुर तेथे बरा होईलच असे नाही, कारण बरे करण्याची विद्या त्या आवारात नसे. शिवाय जनावर तेथे पोहोचते ते निरुपयोगी झाल्यावर. रोज जुवाखाली चालणारा, खांदा सुजलेला बैल पांजरपोळाच्या दाराबाहेरच असतो, कारण त्याचा मालक अजून त्याच्यावर पोट भरत असतो. दयेचा हात त्याच्यापर्यंत पोहोचायचा तर तो रस्त्यावर जावा लागतो.

आणि रस्त्यावरची गर्दी वाढत होती. १८७४ च्या मे महिन्यात मुंबईत ट्राम सुरू झाली. ही ट्राम घोडे ओढीत. कंपनीच्या तबेल्यात सुमारे नऊशे घोडे होते असे सांगतात. गोदीपासून गिरण्यांपर्यंत कापसाचे बोजे बैलगाड्यांतून जात. कोळसा, विटा, चुना, पाणी, सर्व काही जनावराच्या मानेवर. आज आपण ज्याला वाहतूक म्हणतो ती सबंध त्या काळी हाडामांसाची होती. गिरणीचे यंत्र वाफेवर चाले, पण त्या यंत्राच्या तोंडापर्यंत कापूस येई तो बैलाच्या खांद्यावरून. दिनशांसारख्या गिरणीमालकाला ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच १८७४ साली मुंबईत प्राण्यांच्या छळास आळा घालणारी मंडळी स्थापन झाली आणि तिच्या आधारस्तंभांत दिनशा होते. असल्या मंडळीची कल्पना इंग्लंडातून आली. तेथे रिचर्ड मार्टिन नावाच्या आयरिश सभासदाने १८२२ साली पार्लमेंटात गुराढोरांच्या छळाविरुद्ध कायदा मंजूर करून घेतला आणि १८२४ मध्ये लंडनला पहिली मंडळी निघाली. कलकत्त्यात १८६१ साली अशी संस्था झाली होती. पांजरपोळापेक्षा यात नवे काय होते? येथे एक निरीक्षक होता, तो रस्त्यावर फिरे आणि गाडीवानाला थांबवून बैलाच्या पाठीवरची जखम पाही. जखम आहे की नाही, जनावर लंगडते की नाही, ओझे अति आहे की नाही, हे प्रश्न मनाच्या कोमलपणाचे राहिले नाहीत. ते पाहण्याचे, मोजण्याचे आणि न्यायाधीशापुढे सिद्ध करण्याचे झाले.

पण निरीक्षकाने जखमी बैल सोडविला तर तो न्यायचा कोठे? आणि जखम नवी की जुनी, जुवाची की माराची, हे सांगायचे कोणी? या अडचणीतून परळचा दवाखाना निघाला. १८८३-८४ च्या सुमारास दिनशांनी मोठी देणगी देऊन पत्नीच्या नावाने तो उभारला. जनावरांचे रुग्णालय ही मुंबईच्या लोकांना नवलाची गोष्ट होती. माणसांचे दवाखाने अपुरे असताना घोड्याबैलांसाठी एवढा खर्च कशाला, अशी शंका त्या काळातही निघण्यासारखी होतीच, आजही निघते. या शंकेचे उत्तर दोन वर्षांत मिळाले. २ ऑगस्ट १८८६ रोजी त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

माझ्या मते दिनशांच्या सबंध आयुष्यातील सर्वांत दूरवर पोहोचलेले काम हेच आहे. यापूर्वी पुण्यात १८६२ साली लष्कराची पशुवैद्यक शाळा होती आणि लाहोरला १८८२ साली महाविद्यालय निघाले होते. मुंबई इलाख्यात मात्र जनावराचा आजार हा नाल ठोकणाऱ्याच्या, डाग देणाऱ्याच्या आणि देवऋष्याच्या हाती होता. पोट फुगले की डाग, पाय धरला की डाग. त्यांच्यातील जाणते लोक अनुभवाने पुष्कळ शिकलेले होते, हे नाकारता येत नाही. तरी बुळकांडीसारखी साथ आली म्हणजे गावेच्या गावे गोठे रिकामे करून बसत. परळच्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला रोगी जनावर समोर मिळाले, कारण दवाखाना शेजारीच होता. तेथून शिकून बाहेर पडणारे जी. बी. व्ही. सी. ही अक्षरे नावापुढे लावीत आणि इलाख्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत जात. आपल्या तालुक्याच्या गावी गुरांचा दवाखाना आणि गुरांचा डॉक्टर दिसतो, त्या वंशावळीचा एक मूळपुरुष परळला सापडतो.

येथपर्यंतची कथा कोणत्याही दानशूराच्या गौरवग्रंथात शोभेल. अवघड भाग यापुढे आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये, म्हणजे परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहात होते त्याच सुमारास, परळच्याच सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. ती भरविली होती सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील मागण्या आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या फार थोड्या आहेत. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. यंत्रात सापडून जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचा पंगू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

शेवटची मागणी पुन्हा पाहावी. जखमी झालेल्या बैलासाठी दवाखाना होता, पंगू झालेल्या गुरासाठी पांजरपोळ होता. साच्यावर बोटे गेलेल्या माणसासाठी मागणीचा अर्ज होता. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत कामास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या माणसाच्या तासांना त्या कायद्यात मर्यादाच नव्हती. मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघात ज्यांच्या शब्दाला वजन होते अशांत दिनशा पेटिट होते. त्यामुळे या स्थितीची जबाबदारी त्यांच्याही माथी येते.

यावरून दिनशांची भूतदया ढोंगी होती, असा निष्कर्ष काही जण काढतील. मला तो घाईचा वाटतो. ढोंगी माणूस देणगीची पाटी लावून मोकळा होतो, तो महाविद्यालय उभे राहण्यास जागा करून देत नाही. दिनशांनी माणसांसाठीही पुष्कळ दिले. १८८७ साली निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटला भायखळ्याची इमारत मिळाली ती त्यांच्या औदार्यामुळे. मुद्दा निराळा आहे. बैल मालकाशी भांडत नाही. त्याच्यावर दया करणारा माणूस मोठा होतो आणि त्याच्या नफ्यातून काही कमी होत नाही. गिरणीतला माणूस विसावा मागतो तेव्हा तो हक्क मागतो आणि त्या अर्ध्या तासाची किंमत मालकाच्या वहीत पडते. दानाला सवय झालेल्या हाताला हक्काची मागणी रुचत नाही. दिनशांच्या पिढीतील बहुतेक सर्व सज्जन शेठांची येथेच गाडी अडली आणि तेही त्या गाडीत होते.

१८९० हे साल या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षी दिनशांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. ‘सर’ ते आधीच झाले होते. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा अकरावा कायदा केला. आणि त्याच वर्षी २४ एप्रिलला लोखंड्यांनी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली, तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. बैलाचा कायदा आणि कामगाराचा रविवार, दोन्ही एका वर्षाची लेकरे आहेत. पहिल्याला सरकारचा शिक्का लगेच मिळाला, दुसऱ्याला पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याची वाट पाहावी लागली.

त्या १८९० च्या कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. जनावराचा छळ रस्त्यावर किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी झाला तर मुख्यतः तो गुन्हा होई. गोठ्याचे दार लावून घेतले की कायद्याचे डोळे बंद. म्हणजे जनावराच्या वेदनेइतकीच पाहणाऱ्याच्या भावनेचीही काळजी त्यात होती. ही उणीव भरून निघण्यास सत्तर वर्षे लागली. १९५२ मध्ये राज्यसभेत आलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी नवे विधेयक मांडले, पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर ते मागे घेतले, आणि त्यातून १९६० चा कायदा आला. त्यात छळ कोठेही झाला तरी तो छळच. दूध अधिक मिळावे म्हणून गाईम्हशीला फुका घालण्याची किळसवाणी चाल होती, तिच्यासाठी बारावे कलम आहे. छळातून सोडविलेल्या जनावराला ठेवण्यासाठी सरकारने रुग्णालये नेमावीत, असे पस्तिसावे कलम सांगते. परळची कल्पना सबंध देशाच्या कायद्यात बसली ती अशी. दंड मात्र पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये ठरला, आणि पन्नास रुपयांची पुढे काय किंमत उरली ते वेगळे सांगायला नको.

दिनशा ५ मे १९०१ रोजी वारले. घोड्यांची शेवटची ट्राम १९०५ मध्ये बंद झाली आणि दोन वर्षांनी विजेची ट्राम धावू लागली. बैलाची सुटका मात्र यंत्राने इतक्या लवकर केली नाही.

या कथेला जगाचा एक धागाही जोडलेला आहे आणि तो आपल्याच गुरांच्या पायांनी आलेला आहे. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला चाललेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी युरोपात शिरली. घाबरलेल्या राष्ट्रांनी २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसला करार केला, अठ्ठावीस देशांनी सह्या केल्या आणि जनावरांच्या आरोग्याची जागतिक संघटना जन्मास आली. पुढे २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. ही संघटना ऐंशी वर्षे रोगांचेच नियम करीत होती. जनावराला रोग नसला तरी त्याचे हाल होऊ शकतात, ही गोष्ट तिच्या नियमावलीत आली ती २००५ मध्ये. वाहतूक कशी करावी, कत्तल कशी करावी, याचे पहिले आंतरराष्ट्रीय नियम त्या वर्षी मंजूर झाले. त्यांच्या मुळाशी पाच मुक्तींचे तत्त्व आहे: भूकतहानेपासून मुक्ती, अवघडलेपणापासून मुक्ती, वेदना, इजा व रोग यांपासून मुक्ती, भीती व ताण यांपासून मुक्ती, आणि जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली ती या पाच मुक्तींचा आधार घेऊन. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल ग्राह्य धरला. या निकालांवर आपल्या जिल्ह्यात पारावर जेवढा खल झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या निकालावर झाला असेल.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या वेळी भरणारा जनावरांचा बाजार किंवा सांगोल्याचा बाजार पाहिलेल्या माणसाला खिलार जातीची ऐट सांगावी लागत नाही. बैलाची काळजी आपल्या चालीरीतींना ठाऊक नव्हती असेही नाही. सणाच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, म्हणजे जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला लोणी व हळद चोळतात. जनावराला नेमके कोठे दुखते हे ज्याला कळले त्यानेच ही चाल पाडली असणार. नियमांचा प्रश्न वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा आहे. जू वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. जनावराचा आकार आणि गाडीच्या चाकांचा प्रकार पाहून ओझ्याची मर्यादा त्यात घातली आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, सलग पाच तासांपेक्षा अधिक घेऊ नये, आणि पारा सदतीस अंशांवर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपूच नये. नऊ तास! १८८१ मध्ये गिरणीतल्या सात वर्षांच्या मुलाला जे तास मिळाले तेच चौऱ्याऐंशी वर्षांनी बैलाला मिळाले.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्याला लागतात. हंगाम लांबला तर मार्चमध्येच सोलापूरचा पारा सदतीसच्या वर चढलेला असतो. गाडीवर बसलेले नवराबायको, ज्यांना ऊसतोडीच्या हिशेबात मिळून एक कोयता म्हणतात, पहाटेच्या अंधारात फडात उतरतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात आणि कारखान्याच्या काट्यावर रांगेत उभे राहतात. त्यांच्या बैलाचे तास १९६५ पासून नियमात छापलेले आहेत. कोयत्याचे तास घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादमाच्या वहीवर चालतात.